दुसरी कवळी

"साठपासून मोजा."

नवी कवळी तोंडात बसली की दातार एवढंच म्हणत. समोरच्या माणसाला आधी आरशात हसून बघायचं असे. दातार आरसा काढून घेत. हसणं नंतर, आधी मोजणं.

साठ, एकसष्ट, बासष्ट. त्रेसष्टाला लोक अडखळत. सहासष्टाला हमखास शिट्टी वाजे. शिट्टी वाजली की दातार हात पुढे करत. कवळी घेऊन आतल्या बाजूनं जराशी घासत, धुऊन परत देत. "पुन्हा." एकोणसत्तरपर्यंत एकही आकडा घसरला नाही, की कवळी पास.

त्यांचं आडनाव दुसरंच होतं. दातांचं काम करतो म्हणून गल्लीनं दातार केलं, ते चिकटलं. पोस्टमनही त्याच नावानं हाक मारी. दवाखान्यांतले डॉक्टर तोंडाची मापं घेऊन पाठवत. दातार त्यांत प्लास्टर ओतून साचे काढत. साच्यावर गुलाबी मेण चढवून त्यात एकेक दात बसवत. मेणाच्या जागी पुढे कडक गुलाबी हिरडी येई. एकोणपन्नास वर्षं त्यांनी हेच केलं. सुरुवातीची थोडी दुसऱ्याच्या हाताखाली, मग घराच्या तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या बाकड्यावर.

खोलीच्या तिन्ही भिंतींना फळ्या होत्या. फळ्यांवर लोकांचे साचे. प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलीनं नाव आणि वर्ष. बायको दारातून म्हणे, "दीडशे माणसं तोंड वासून बसलीत, आणि त्यातलं एक बोलेल तर शपथ. तुमच्यासारखीच सगळी."

कुणी म्हणालं, "दातार, एक जास्तीची करून ठेवा ना. पडली-फुटली तर?" तर दातारांचं उत्तर ठरलेलं होतं.

"कशाला? मी आहे ना."

हे ते गर्वानं म्हणत नसत. खरंच असत. सणक आली, हिरडी सुजली, नातवानं कवळी खेळायला घेतली, काही झालं तरी माणूस रुमालात गुंडाळून ती घेऊन येई आणि तासाभरात तोंडभर बोलत परत जाई. एकोणपन्नास वर्षांत दातारांनी जास्तीची कवळी कुणालाच केली नव्हती.

पहिली केली ती वहिनीला. यंदा, सहासष्टाव्या वर्षी.

वहिनी घरात आली तेव्हा दातार नऊ वर्षांचे होते. आईवडील आधीच गेले होते. घरात थोरला भाऊ आणि हे शेंबडं पोर. वहिनी वीस वर्षांची. आल्या दिवसापासून तिनं त्या पोराला भाऊजी म्हणायला सुरुवात केली, आणि तेही अहो-जाहो करून. "भाऊजी, नाक पुसा." "भाऊजी, तुमची चड्डी उलटी आहे." गल्लीत पोरं हसत. पण जगात त्यांना तुम्ही म्हणणारं ते एकच मोठं माणूस होतं. त्यामुळे नाक पुसताना त्यांची मान ताठ होई. ते तिला कायम तूच म्हणत आले.

वहिनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली. डोक्यावर कानाचं यंत्र, समोर भोकांची भिंत, हातात वायरी. "नंबर सांगा. लाईन धरा. जोडून देते." घरीही तिचा आवाज तसाच असे, स्वच्छ आणि मोजका. तिथला नियम एकच. जोडायचं आणि कान काढून घ्यायचा. ऐकायचं नाही. चुकून ऐकलंच तर विसरायचं. तिच्या ओळीतली एक मुलगी शेजारणीच्या नवऱ्याचं बोलणं ऐकून घरी सांगते म्हणून काढली गेली होती. वहिनी त्या मुलीबद्दल बोलायची तेव्हा चोराबद्दल बोलावं तशी बोलायची.

दातार सतरा वर्षांचे झाले. अभ्यासात ढ. भाऊ म्हणाला, बस डेपोत चिकटवतो. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी वहिनी पोळपाटावरून मान न उचलता म्हणाली, "भाऊजी, उद्या चौकातल्या दातांच्या डॉक्टरकडे जा. त्यांच्या कवळ्या करणाऱ्याला हाताखाली माणूस हवाय. हात हलका पाहिजे म्हणतात. तुमचा आहे."

"तुला कुणी सांगितलं?"

"कळलं."

कसं कळलं ते तिनं बावीस वर्षांनी सांगितलं. भावाच्या समोर, हसत. दोन डॉक्टर फोनवर बोलत होते आणि तिनं कान काढला नव्हता. "आयुष्यात एकदाच नियम मोडला," ती म्हणाली. "तुमच्यापायी." भाऊ हसून हसून लाल झाला. दातारांना हसू आलं नाही. आपलं सगळं आयुष्य एका न काढलेल्या कानातून आलंय हे त्यांना त्या दिवशी कळलं.

पुढे एक्कावन्नाव्या वर्षी वहिनीच्या हिरड्या गेल्या. एकेक करून सगळे दात काढावे लागले. दवाखान्यातून आलेल्या कवळीनं तिचा आवाज खाल्ला. एक्स्चेंजवर नंबर सांगताना साठीचे सगळे आकडे शिट्टी मारत. लोक पलीकडून विचारत, "बाई, काय? बासष्ट की त्रेसष्ट?" साहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, आवाजाचं काहीतरी करा, नाहीतर फायली लावायच्या कामावर टाकतो. वहिनी घरी येऊन मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली. तोंडावर पदर होता.

"भाऊजी, मला माझा आवाज करून द्या."

दातार बावीस दिवस तेच काम करत होते. मेणात दात लावायचे, तिच्या तोंडात घालायचे, तिनं साठपासून मोजायचं. शिट्टी. काढायचे, केसभर आत सरकवायचे, पुन्हा मोजायचं. बाविसाव्या दिवशी ती एकोणसत्तरपर्यंत सरळ गेली. थांबून पुन्हा साठपासून गेली. मग उठली आणि पुढच्या खोलीत जाऊन फोन उचलला, आणि कुणालाही न लावता रिसीव्हरमध्ये म्हणाली, "लाईन धरा, जोडून देते."

मोजायची ती रीत तेव्हापासूनची.

आता एवढ्या माणसाला सोडून दुसऱ्या गावी राहायला जायचं तर तोंड उघडून सांगायला नको का? इथंच दातारांची दातखीळ बसली होती.

भाऊ जाऊन सात वर्षं झाली होती. वहिनीला मूल नव्हतं. ती सत्त्याहत्तर वर्षांची, तळमजल्यावर पुढच्या खोलीत राहायची. दातार आणि बायको वर राहत. त्यांची मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. बायकोनं एकतीस वर्षं गाद्यांच्या कारखान्यात शिवण मारली होती. हल्ली जिन्याच्या सातव्या पायरीवर तिला थांबावं लागे. छातीतून बारीक आवाज येई. "अर्धा कापूस आहे आत," ती म्हणे, "आणि अर्धं तुमचं प्लास्टर. बाहेर काढलं तर उशी होईल एक. पण डोकं ठेवणार कोण, दगडासारखी असेल."

लग्न ठरताना तिनं एकच गोष्ट मागितली होती. कधीतरी समुद्राजवळ राहायचं. दातारांनी हो म्हटलं होतं. पस्तीस-चाळीस वर्षांनंतरचं हो म्हणायला काय लागतं?

दोन महिन्यांपूर्वी ते दोघं समुद्राकाठच्या एका लहान गावात जाऊन आले. गाडीनं आठ तास. वहिनीला सांगितलं, हिच्या छातीसाठी मोठ्या डॉक्टरला दाखवायला जातोय, तीन दिवस लागतील. हे खोटं दातार बोलले. बायको शेजारी उभी राहून चपलेकडे बघत होती.

घर उंचावर होतं. चाळीस पायऱ्या चढून. दोन खोल्या आणि पुढे पडवी. पडवीत एका विशिष्ट जागी खुर्ची ठेवली की समोरच्या दोन भिंतींच्या मधून समुद्र दिसे. तळहाताएवढा. बायको त्या खुर्चीवर बसली आणि उठेना. तिसऱ्या दिवशी ती चाळीस पायऱ्या एका दमात चढली. वर पोचून मागे वळून बघत राहिली, जणू पायऱ्या कुणीतरी कमी केल्या असाव्यात. दातारांनी तिचा श्वास ऐकला. त्यात आवाज नव्हता. की लाटांमुळे ऐकू आला नाही, ते त्यांना ठरवता येईना.

"घेऊ या का?" ती म्हणाली.

"वहिनी?"

"त्यांनाही आणू की."

दातार पायऱ्यांकडे बघत राहिले. वहिनीचे गुडघे. चाळीस पायऱ्या. दोनच खोल्या. बुधवारी तिच्या एक्स्चेंजवरच्या चार मैत्रिणी येतात, त्यांचं काय? ही सगळी कारणं खरी होती, आणि ती त्यांनी मनात ओळीनं लावली. पण तिला विचारावं असं त्यांच्या मनात आलं नाही. आलं, आणि त्यांनी ते मागं सारलं. ती नाही म्हणेल याची भीती नव्हती. हो म्हणेल याची होती. म्हातारपणी एकदा तरी आपण दोघंच असावं, एवढीशी इच्छा. एवढ्याशा इच्छेची त्यांना इतकी लाज वाटली की परतीच्या गाडीत ते आठ तास झोपल्याचं सोंग घेऊन बसले.

घरमालक म्हणाले होते, "रंगाचं काम काढलंय. झालं की फोन करतो. मग आठ दिवसांत काय ते कळवा. नंबर द्या."

दातारांनी नंबर दिला. वहिनीच्या खोलीतला. तो नंबर चाळीस वर्षं त्यांच्या जिभेवर होता. कामाचे सगळे फोन तिथंच येत. मोबाइल होता, पण त्याचा नंबर त्यांना पाठ नव्हता. गाडी सुटल्यावर ध्यानात आलं. बायकोला सांगितलं नाही. तीही एक भर पडली.

वहिनीकडे निरोपांची वही असे. फोन आला की तारीख, वेळ, कोण, काय. मग पान फाडून जिन्याच्या कठड्याला लावलेल्या चिमट्यात अडकवी. निरोपात स्वतःचा शब्द घालत नसे. दातार आता रोज सकाळी जिना उतरताना चिमट्याकडे बघत. पान असलं की आधी नाव बघत. डॉक्टरांचा निरोप निघाला की जीव भांड्यात पडे.

"आला का हो फोन?" बायको विचारी.

"नाही अजून."

"रंग लावताहेत की समुद्रच रंगवताहेत?"

दातार हसत. मनात म्हणत, येऊच नये. दुसऱ्या कुणी घर घ्यावं. मग बायकोला सांगता येईल की हुकलं. वहिनीला काही सांगावंच लागणार नाही. दोन्हीकडे आपण चांगले. हे मनात आलं की बायको जिन्यावर थांबलेली दिसे, सातव्या पायरीवर, कठड्याला धरून. आपल्याच विचारानं ते कानकोंडे होत.

याच दिवसांत त्यांनी फळीवरचा वहिनीचा साचा काढला. मागच्याच वर्षीचा होता. तिला न सांगता मेण चढवलं. रोज दुपारी, ती झोपली की, दार लोटून. वरचे चौदा, खालचे चौदा. तिच्या एका पुढच्या दाताला आधीपासून थोडा कल होता, तोही ठेवला. नवं करताना लोक सगळं सरळ मागतात. वहिनीनं कधी मागितलं नव्हतं.

बायकोनं एकदा दार ढकललं. हातात चहा. बाकड्यावर बघितलं आणि समजली.

"त्यांना सांगितलंत?"

"सांगणार आहे."

"आधी दात, मग बातमी?" तिनं कप ठेवला. "अहो, हे म्हणजे लेकराला घरी ठेवून जाताना हातात खाऊ देतात तसं झालं. लेकरू खाऊ बघूनच रडायला लागतं."

"मग काय करू?"

"मला काय विचारता. मला तर जायचंय." एवढं बोलून ती दारातच थांबली. "मला जायचंय याचंच मला वाईट वाटतं. तुम्ही एकटेच नाही आहात त्यात." आणि गेली.

दोन दिवसांनी सकाळी, नाश्ता आटोपल्यावर, दातार लहान डबी घेऊन पुढच्या खोलीत गेले. वहिनी खिडकीशी खुर्चीवर बसली होती. शेजारच्या स्टुलावर फोन, फोनखाली वही.

"या भाऊजी. काय आणलंत? पेढे?"

"कवळी."

"कुणाची?"

"तुझी."

वहिनीनं जिभेनं तोंडातली चाचपली. "माझी तर आहे माझ्यापाशी."

"ही दुसरी. असू दे म्हटलं, जास्तीची."

वहिनीनं डबी उघडली. बराच वेळ बघितलं. मग तोंडातली काढून वाटीत ठेवली आणि नवी बसवली. आरसा मागितला नाही. ती मोजायला लागली.

"साठ. एकसष्ट. बासष्ट."

स्वच्छ. एक्स्चेंजवरचा आवाज.

"त्रेसष्ट. चौसष्ट. पासष्ट. सहासष्ट."

ती थांबली.

"पुढे म्हण," दातार म्हणाले.

"सहासष्ट म्हणजे तुम्ही आत्ता आहात तेवढे. हो ना?"

"हो."

"सदुसष्टाला इथं नसाल."

दातारांनी रिकामी डबी उचलून झाकण लावलं.

"एकोणपन्नास वर्षं लोक तुमच्याकडे जास्तीची मागायला येतात," वहिनी म्हणाली. "मी या खुर्चीवरून ऐकलंय सगळं. तुम्ही काय सांगता त्यांना?"

"वहिनी..."

"काय सांगता?"

"मी आहे ना," दातार म्हणाले. आवाज असा निघाला की जणू त्यांच्याच तोंडात कवळी नव्हती.

"मग मला जास्तीची कशाला?"

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली. तिची घंटी उगाचच वाजली. दातार स्टुलाकडे बघत राहिले. नऊ वर्षांचे असताना बघत, तसेच.

"चड्डी उलटी आहे का माझी?" ते म्हणाले. हसवायला गेले. वहिनी हसली नाही.

"समुद्र," ती म्हणाली.

"काय?"

"बघत होते, येतो का म्हणता. समुद्र." तिनं पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, जिभेनं जागा शोधत. "छान येतो. कुठंच अडकत नाही. चांगली केलीत."

दातार खुर्ची नसलेल्या जागी बसायला गेले, मग पलंगाच्या कडेला टेकले.

"तुला कसं कळलं?"

वहिनीनं फोन उचलून बाजूला ठेवला. खालची वही काढली. पानं मागे उलटली आणि वही त्यांच्यासमोर धरली. एक पान लिहिलेलं, पण न फाडलेलं. तारीख अकरा दिवसांपूर्वीची. वेळ सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. समुद्राकाठच्या घराचे मालक. रंगाचे काम झाले. दुसरे एक कुटुंब घर बघून गेले. आठ दिवसांत कळवावे. अक्षर नेहमीसारखं सरळ होतं.

"हे चिमट्याला नाही लावलं," वहिनी म्हणाली. "रोज ठरवायचे, आज लावते. जिन्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. एवढी वर्षं लोकांचे निरोप पोचवले मी. मेल्याचे, जन्मल्याचे, लग्न मोडल्याचे. एक ठेवून घेतला नाही. हा ठेवला." ती वहीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "आयुष्यात दोनदा नियम मोडला, भाऊजी. दोन्ही वेळा तुमच्यापायी. पहिल्या वेळी तुमचं भलं व्हावं म्हणून. या वेळी माझं."

अकरा दिवस. आठ दिवसांची मुदत तीन दिवसांपूर्वीच संपली होती. दातारांनी मनात हिशोब केला, आणि त्यांच्या छातीवरचं काहीतरी उठलं. हुकलं. आपण काहीच केलं नाही आणि हुकलं. दोष आपला नाही. ती सुटका त्यांच्या तोंडावर दिसली असावी, कारण वहिनी त्यांच्याकडे बघत होती. आणि वर, त्यांच्या डोक्यावरच्या खोलीत, बायको खोकत होती.

त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"मी तुला विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "चल म्हणायला हवं होतं."

"हवं होतं."

"आली असतीस?"

"चाळीस पायऱ्या आहेत ना?"

दातार चमकले. "ते कुणी सांगितलं?"

"मालकांनी. मी विचारलं." तिनं फोन मांडीवर ओढला. "नसते आले. माझा बुधवार आहे इथं, माझी खिडकी आहे. आणि तुम्हा दोघांच्या मधे खुर्ची टाकून समुद्र बघायचा म्हणजे मान वाकडी करायची. नाहीच म्हणाले असते. पण विचारलं असतं ना, तर नाही म्हणायला मिळालं असतं मला."

दातारांनी नुसती मान हलवली.

वहिनी नंबर फिरवायला लागली. वहीत बघितलं नाही. तिला तो पाठ होता.

"कुणाला लावतेस?"

तिनं बोट वर केलं. गप्प. पलीकडे कुणीतरी उचललं. वहिनी ताठ बसली आणि एकोणीस वर्षांपूर्वी एक्स्चेंज सोडताना जिथं ठेवला होता तिथून तो आवाज उचलला.

"नमस्कार. घरासाठी बोलायचं होतं ना तुमच्याशी, ते आलेत. लाईन धरा. जोडून देते."

आणि रिसीव्हर दातारांच्या हातात दिला.

"हां, बोला साहेब!" घरमालकाचा आवाज मोठा होता. "म्हटलं विसरलात की काय."

"घर..." दातार म्हणाले. "घर गेलं असेल ना आता?"

"जाईल कसं? तुमच्याकडच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ही माणसं नक्की येणार, कुणाला देऊ नका. मुदत संपली तसा पुन्हा त्यांचाच फोन. म्हणाल्या, उशीर माझ्यामुळे झालाय, त्यांच्यामुळे नाही, आणखी थोडे दिवस धरून ठेवा. दुसऱ्या लोकांना मी नाही सांगून टाकलं. बाईंचा आवाजच असा आहे, नाही म्हणवत नाही. मग? नक्की ना?"

दातारांनी वहिनीकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. सायकलवाला निघून गेला होता. बघण्यासारखं तिथं काहीच नव्हतं.

तिनं निरोप दडवला होता आणि लाईन तोडली नव्हती. त्यांच्यासाठी नुसती धरून ठेवली होती, अकरा दिवस, एकटीनं. त्यांना वाटलं, तिनं तोडली असती तर बरं झालं असतं. मग निदान रागावता आलं असतं.

वर बायको पुन्हा खोकली.

"नक्की," दातार म्हणाले. "येतो आम्ही. महिनाअखेरीला."

फोन ठेवला. वहिनीनं वहीतलं पान फाडलं, नीट घडी केली आणि त्यांना दिलं. "चिमट्याला लावा. तिला जिन्यात दिसू दे. खाली येईल तेव्हा तोंड बघायचंय मला तिचं."

दातारांनी घडी खिशात घातली. उठायला हवं होतं. उठवेना. मग वहिनीच म्हणाली, "भाऊजी, डावीकडे जरा टोचतंय हो. खालच्या बाजूला, मागे."

ते चटकन उठले. काम म्हटल्यावर हातापायांत जीव आला. तिला मागच्या खोलीत बाकड्यापाशी नेलं, दिव्याखाली तोंड उघडायला लावलं. कवळी काढून डाव्या हिरडीवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. टोचत असतं तर तिथं लाल ठिपका असता. एकोणपन्नास वर्षांत त्यांनी असे हजारो ठिपके बघितले होते. हिरडी साफ होती.

"कुठे म्हणालीस?"

"तिथंच. बघा ना नीट. घाई आहे का?"

"नाही. घाई नाही."

दातारांनी चष्मा पुसला. मोटर सुरू केली. तिची घरघर खोलीभर पसरली, फळ्यांवरची दीडशे तोंडं उघडी होती. घासणी त्यांनी कवळीच्या जवळ नेली आणि केसभर अंतरावर धरली. टेकवली नाही. तशीच इकडून तिकडे फिरवत राहिले. वहिनी स्टुलावर बसून आवाज ऐकत होती. चांगली पाचेक मिनिटं गेली असतील. मोटर बंद केली, कवळी धुतली, तिच्या हातात दिली.

"आता बघ."

तिनं बसवली. डावीकडे चावून बघितलं.

"अजून थोडं," ती म्हणाली.

दातारांनी हात पुढे केला.